चार मिनिटं हलू नको

शेकोटीत तुराट्या सारत शालिकरामबाबांनी पोरांकडे पाहिलं. "कुंदन माह्या ओळखीतला. परतवाड्यात फोटो स्टुडिओ होता त्याचा. झालेली गोष्ट हाय, मनची नाही," असं म्हणून ते सांगू लागले.

मागच्या पौषातली अमावास्या. दिवस मावळताना कुंदन बायकोला, मायाला, मोटरसायकलवर बसवून गावाबाहेरच्या तलावाकडे निघाला. अमरावतीच्या स्पर्धेसाठी त्याला एक फोटो हवा होता. लग्नाचे फोटो काढून तो विटला होता. एकदा तरी आपलं नाव प्रदर्शनाच्या भिंतीवर लागावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तलाव निम्मा आटला होता. काठावर काळा गाळ आणि बाभळीची वाळकी खोडं. पाखरू नाही की ढोर नाही. कुंदनला असंच भकास हवं होतं. कॅमेरा स्टँडवर लावून शटर चार मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोतून पुसलं जातं. लाटा पुसल्या जातात, पाणी दुधासारखं दिसतं. स्थिर राहील तेच उमटतं. त्या पाण्यात त्याला माया उभी पाहिजे होती.

"शाल काढून ठेव. बोचक्यावानी दिसशीन."

"अवो, पानी लय गार हाय."

"लग्नात स्टेजवर तीन घंटे उभी होती. आता चार मिनिटं जमत नाही तुले?"

माया कमरेइतक्या पाण्यात गेली. अंधार दाटत होता.

"पाय रुतून राह्यले हो माहे."

"रुतू दे. हलशीन तं नाही!" तो हसला आणि त्यानं शटर उघडलं.

थोड्या वेळानं पाणी खळबळलं.

"अवो..."

"गप! हलू नको."

पुन्हा पाणी आपटलं. जोरात.

"अवो, मले कोनी तरी..."

"माया! फोटो बिघडला तं पायी जाशीन घरी."

मग सगळं शांत झालं.

कुंदननं डोळे ताणले. आकृती जागेवरच होती. थंडीनं जराशी वाकलेली. पण हलत नव्हती.

"शाब्बास," तो म्हणाला. "अशीच राह्य."

शटर मिटलं.

"झालं. ये बाहीर."

...

"रुसली का?"

...

त्यानं मोबाईलचा उजेड टाकला. पाण्यात कुणीच नव्हतं.

सकाळी मासे धरणाऱ्यांनी मायाला बाहेर काढलं. उभी होती तिथूनच. गाळातून.

शेकोटीभोवतीच्या पोरांतल्या आचलनं हळूच विचारलं, "फोटो निंगाला होता का, बाबा?"

शालिकरामबाबांनी आणखी एक तुराटी विस्तवात सारली.

"निंगाला. म्या पाह्यला."

पाणी दुधासारखं गुळगुळीत होतं. माया त्यात कुठेच नव्हती. धडपडत पाण्याखाली गेलेलं माणूस फोटोत उमटत नाही. तिच्या जागी एक म्हातारी होती, कुणाच्याही ओळखीची नसलेली. लुगड्याची चुणी न् चुणी दिसावी इतकी स्पष्ट. वाकलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात...

खाली दाबलेले.