चोवीस पडदे

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत गणित शिकवले. पेन्शनीत निघालो तेव्हा हेडमास्तरांनी फळ्यावर रेघा मारायची माझी गजभर लांबीची लाकडी पट्टी मला आठवण म्हणून दिली. नुसता नारळ दिला असता तर बरे झाले असते.

ही १९३३ सालच्या फाल्गुनातली गोष्ट. सोलापुरात, शुक्रवार पेठेत माझी खोली होती आणि मागच्या बोळात शिवप्पा सुतार राहायचा. गिरणीत सुतारकाम करून उरलेल्या वेळात तो घरी वीणा घडवी. वीणेचे पडदे म्हणजे पितळेच्या आडव्या सळ्या. मेण आणि काजळी मळून केलेल्या काळ्या लगद्यात त्या रोवायच्या. शिवप्पा तार छेडी, कान लावी, सळई केसभर सरकवी, पुन्हा छेडी. चोवीस पडद्यांना चार दिवस लागत.

तारेची लांबी ठाऊक असली की प्रत्येक पडद्याची जागा भागाकाराने काढता येते, असे मी एका पुस्तकात वाचले होते. एकदा धीर करून त्याला सांगितले.

"मंजी सूर कागदावर मावतोय व्हय?" तो म्हणाला. "मग ह्यो कान कशाला, नुसतं मुंडासं अडकवायला?"

"तेवढंच जमतंय त्या कानाला," आतून त्याची बायको नागव्वा म्हणाली.

तो मोठ्याने हसला. पण जागा कशा काढायच्या ते त्याने मला विचारले. मला आयुष्यात कुणी फारसे काही विचारले नव्हते.

तार शिवप्पाच्या मापाने चौतीस इंच भरली. मी चोवीस आकडे काढले, तार जिच्यावर टेकते त्या वरच्या हाडाच्या आडीपासून माझ्या पट्टीने खुणा केल्या, आणि त्याने त्या खुणांवर एका दिवसात पडदे बसवले. मग तार छेडून त्याने तोंड वाकडे केले.

"उतरल्यावानी वाटतंय, मास्तर."

"गणित चुकत नसतं, शिवप्पा."

आठ दिवसांनी अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाने वीणा परत आणून टाकली. बेसूर आहे, असे तो गल्लीत उभा राहून बोलला. त्या संध्याकाळी मी बाजारातून नवी मोजपट्टी आणून माझ्या पट्टीशेजारी ठेवली. पट्टीचे सुरुवातीचे टोक झिजलेले होते. वर्ग गप्प बसावा म्हणून इतकी वर्षे मी तेच जमिनीवर आपटत आलो होतो. बरोबर एक सूत गेले होते, इंचाचा आठवा भाग. चोवीसही पडदे आडीकडे एकेक सूत अलीकडे बसले होते.

मी जुनी पट्टी बंबात घातली.

सकाळी शिवप्पा वीणा खांद्यावर घेऊन आला. त्याला अक्षर येत नव्हते, म्हणूनच असेल, माझा आकड्यांचा कागद त्याने उपरण्यात जपून बांधला होता.

"मास्तर, खरं सांगा. गणित बरोबर हाय न्हवं?"

"गणित बरोबर आहे," मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

"मंजी कानच गेला माजा." तो उंबऱ्यावर बसला. "तीस वर्सं ह्या कानानं केलं. आता कुनास्नी म्हनू, मी वीणा करतो म्हनून?"

मी त्याला पाणी दिले. जाताना तो वीणा माझ्याकडेच ठेवून गेला. त्याला ती घरात बघवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, खोलीत तापलेल्या मेणाचा वास आला. मी वीणेजवळ गेलो. पहिला पडदा एक सूत पुढे होता. नव्या पट्टीने मोजला. अगदी जिथे असायला हवा होता तिथे.

मेण उन्हाने मऊ होते, हे मला समजते. पण लगद्याला चीर नव्हती, ओरखडा नव्हता. पुढच्या दुपारी दुसरा सरकला. तिसऱ्या दिवशी मी वीणा उलटी, खुंट्या खाली करून भिंतीला टेकवली. पडदा एक सूत वर चढला. एका दुपारी समोरच बसून राहिलो. भोंगा वाजला तशी सवयीने खिडकीकडे मान गेली. वळलो तेव्हा सहावा पडदा सरकलेला होता, आणि तार कुणी नुकती सोडल्यासारखी थरथरत होती.

मी वहीत तारखा लिहू लागलो.

भीती वाटत होती. पण खरे लिहायचे तर, मी वाटही पाहत होतो. पट्टी जळून गेली होती. माझी चूक आता जगात फक्त या वीणेवर उरली होती, आणि रोज एकेक सुताने पुसली जात होती.

तेविसाव्या दिवशी नागव्वा नळावर भेटली. "उद्या हत्यारं इकनार हायत," ती म्हणाली. "मंगळवेढ्याचा सुतार न्यायला येनार. तुमी तरी सांगा की त्यास्नी, मास्तर. तुमचं ऐकत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच जायला हवे होते. मी दुपारचा भोंगा होईपर्यंत थांबलो.

शेवटचा पडदा सरकला. मी मोजला. चूक आता जगात कुठेच उरली नव्हती. मग चपला घातल्या.

शिवप्पा ओसरीवर बसला होता. समोर पोत्यावर पटाशा, रंधे, गिरमिट ओळीने मांडले होते. नागव्वा चुलीपुढे भाकरी थापत होती.

"या मास्तर."

मी उभ्यानेच सांगितले. झिजलेले टोक सांगितले, बंब सांगितला. म्हणालो, तुझा कान बरोबर होता, शिवप्पा, पहिल्या दिवसापासून बरोबर होता, हत्यारे विकू नकोस.

तो माझ्याकडे मायेने बघत राहिला. चेहऱ्यावर काहीच हलले नाही.

मी पुन्हा सांगितले, मोठ्याने. माझा आवाज माझ्या कानात घुमत होता.

नागव्वाचे थापणे थांबले.

"मास्तर," ती म्हणाली, "मगाधरनं नुसतं तोंड हलवाय लागलाय. काय ते बोला की."

तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडलो. गळ्याच्या शिरा दुखल्या. बोळातून जाणाऱ्या बाईने वळूनसुद्धा पाहिले नाही.

मी खांबाला धरले.

"ऊन फार आहे," मी हळूच म्हणालो.

"व्हय, लई हाय," शिवप्पा लगेच म्हणाला, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून त्याने हत्यारे गोळा करून पोत्यात भरली.