पापुद्रे

सोमवारी सकाळी साडेनऊला मी अभ्रकाची पूड नळीत भरली, तेव्हा मामा शेजारीच उभे होते. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. खडक फोडणं, कुटणं, चाळणं, कुप्यांवर चिठ्ठ्या लावणं, सगळं त्यांच्याकडे. नळी करंगळीच्या पेराएवढी. ती चुंबकाच्या पोटात भिंगरीसारखी फिरते, आपण रेडिओलहरींनी सिलिकॉनच्या अणूंना छेडायचं आणि ते काय उत्तर देतात ते ऐकायचं. अभ्रकाच्या थरांत सिलिकॉनच्या शेजारी ॲल्युमिनियमही बसलेलं असतं. कोणाच्या शेजारी कोण, एवढंच मला बघायचं होतं.

"मला तर नुसती शिट्टी ऐकू येते, ताई," मामा म्हणाले.

आलेखात चार शिखरं आली. म्हणजे अणू जागा मिळेल तसे बसलेले. अपेक्षित होतं तेच.

पुढच्या सोमवारी तीच पूड, तीच बंद कुपी. तीन शिखरं. त्याच्या पुढच्या सोमवारी एकच, सुईसारखं. सगळे अणू कवायतीला उभे राहावेत तसे. दगडातले अणू असे जागा बदलत नाहीत. त्याला भट्टी लागते आणि भरपूर काळ लागतो. कुप्या ठेवायच्या कपाटात तर साधी ऊबसुद्धा नव्हती.

आमचे विभागप्रमुख कॉलेजात माझ्याच वर्गात होते. त्यांच्या एका लेखातली चूक मी भर सभेत दाखवली होती. तेव्हापासून ते माझ्याशी चिठ्ठ्यांतूनच बोलत. या वेळी मात्र स्वतः आले.

"निकाल फारच देखणा आहे," ते म्हणाले. "कुप्या कोणी बदलल्या?"

"कोणीच नाही."

"मग पूड तुम्ही बदललीत, नाहीतर यांनी." त्यांनी मामांकडे बोट केलं.

मामा माझ्याकडे वळले. "ताई, सांगा ना. सगळ्या कुप्या तुमच्यासमोर भरल्यात."

मी आलेखाकडे बघत राहिले. 'बदलली नाही' एवढं म्हणायचं होतं. पण मामांवर ठपका आला नाही, तर तो माझ्यावर येणार हे मला दिसत होतं. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मामांना कामावरून कमी केल्याचा कागद निघाला. जाताना त्यांनी आपला डगला घडी करून टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मामा गेले आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. पंधरा दिवसांनी मी यंत्र तपासायला साधी काच घेतली. काचेत शिस्त नसते. तिचा आलेख म्हणजे एक पसरट टेकडी, वर्षानुवर्षं तशीच.

पडद्यावर सुई उभी राहिली.

मी नळी धुतली, दुसरी काच कुटली, पुन्हा मोजलं. सुईच. मोजून झाल्यावर काचेची बाटली उचलली, तर तिचा एक पापुद्रा माझ्या अंगठ्याला चिकटून आला. पातळ, लवचीक, अभ्रकासारखा. खाली बाटली धड होती.

मी प्रमुखांना बोलावलं. त्यांनी मला दाराबाहेर उभं केलं आणि त्याच काचेचा नवा तुकडा स्वतःच्या हातांनी कुटून नळीत भरला. तासाभराने बाहेर आले ते हसत.

"टेकडी," ते म्हणाले. "माझ्या हातात काच काचच राहते. तुमच्याच हातात तिला काय होतं? सोमवारपर्यंत सगळे निकाल खोटे होते म्हणून लिहून द्या. नाहीतर मी लिहितो."

घरी येऊन हात तीनदा धुतले. आरशासमोर उभी राहिले, पण आरशाला हात लावला नाही.

रविवारी सकाळी मामांच्या घरी गेले. जिन्याने तिसरा मजला. दार मामींनी उघडलं. मामा मागे उभे होते.

"या, मॅडम," ते म्हणाले. आत या म्हणाले नाहीत.

मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. पूड त्यांनी बदलली नव्हती. मी गप्प बसले, ती भीतीपोटी. आता ते नसतानाही तेच होतंय, आणि मी तसं लिहून देणार आहे.

"आज लिहून देणार," मामा म्हणाले. "त्या दिवशी तोंडात काय धरलं होतं?"

तीन जिने चढून मला धाप लागली होती. मामींना तेवढं दिसलं असावं. त्यांनी काचेचा पेला भरून आणला.

मी पेला घेतला. एक घोट घेतला.

बोटांखाली काहीतरी सरकलं.

पेल्याचा बाहेरचा थर अलगद सुटून माझ्या तळहातावर आला. मग त्याच्या आतला. आवाज झाला नाही. पाणी सांडलं नाही.

मामी दोन पावलं मागे सरकल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला मी दुसरा हात वर नेला.

मामांनी झडप घालून माझी बाही धरली. बाहीच, मनगट नाही. त्यांची नजर पेल्यावर नव्हतीच. ती माझ्या ओल्या डोळ्यांवर, अगदी जवळून, खिळली होती.

"डोळे चोळू नका," ते हळूच म्हणाले.