तीच आहे, लाव

यूपीएस बसवायचं काम तसं हमालाचं. धोंड्यासारखं जड खोकं उचलायचं, कोपऱ्यात ठेवायचं, मागे कॉम्प्युटरची पिन खोचायची, झालं. डोकं लागतं ते त्यानंतर. यूपीएसच्या पाठीतून एक केबल कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेला, सिरीयल पोर्टला, जोडायची असते. ती केबल वीज नेत नाही, निरोप नेते. वीज गेली, बॅटरीवर चाललंय, आता बॅटरीही संपत आली, काय ते आवरून घे. अंधार व्हायच्या आधी सांगायचं, एवढंच तिचं काम.

धाकटी हे काम करायला औषधांच्या त्या गोदामात गेली तेव्हा बाहेर चांगलं रणरणतं ऊन होतं. दोघा भावांचं यूपीएस दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातल्या धाकट्याची ही बायको, म्हणून घरात तिला धाकटी म्हणत. धाकटा गेला, नाव राहिलं. गेला तोही याच गोदामात, हेच काम करताना.

गोदामाचा मॅनेजर चांगला माणूस म्हणून प्रसिद्ध होता. म्हणजे लागेल असं बोलायचं असलं की हसून बोलायचा. तळघराची किल्ली देताना म्हणाला, "नीट लावा हं मॅडम. मागच्या वेळेसारखं नको." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने किल्ली घेतली. बोलणं थोरल्या दिरांचं होतं, ते मागून येणार होते, आणि ते आल्यावर या मॅनेजरला खरं काय ते सांगतील, म्हणून ती वाट बघत होती. सकाळी तिने तसं त्यांना बजावलंच होतं. ते स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाले होते, "गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

जिना अर्ध्यात वळत होता. वळणावर, पाय टाकायच्या जागेलाच लागून, मालाच्या लिफ्टचं जाळीचं दार होतं आणि दारापलीकडे नुसता खड्डा. दाराची कडी तुटलेली होती, म्हणून ते सुतळीने बांधलं होतं. धाकटी तिथे थबकली. एक माणूस त्या खड्ड्यात पडून मेला, आणि या लोकांनी काय केलं, तर जुनी सुतळी काढून नवी बांधली.

त्या दिवशी काय झालं ते तिला चांगलं ठाऊक होतं. या जातीच्या यूपीएसला त्याची स्वतःची केबल लागते. बाजारातली साधी केबल दिसायला हुबेहूब तशीच, नऊ पिनांची, तोंडात बसतेही बरोबर. पण ती लावली की यूपीएसला वाटतं, आपल्याला बंद व्हायला सांगितलं. आणि ते तिथल्या तिथे बंद होतं. कॉम्प्युटर जातो, आणि जिन्यावरचा दिवाही त्याच यूपीएसवर असल्यामुळे अख्खं तळघर अंधारात जातं. त्या दिवशी सामानाची पिशवी भरून दिली होती थोरल्यांनी. धाकट्याने लावण्याआधी दुकानात फोन केला होता. धाकटी तेव्हा काउंटरला उभी होती. थोरल्यांचं उत्तर तिने या कानांनी ऐकलं होतं, "तीच आहे, लाव. दर वेळी काय विचारत बसतोस."

त्याने लावली. अंधार झाला. चाचपडत जिना चढताना वळणावर त्याचा पाय चुकला. दिवसकार्य उरकल्यावर तिला दुकानाच्या ड्रॉवरमध्ये खरी केबल सापडली, वरचं प्लास्टिकसुद्धा न फोडलेली. ती सासूबाईंकडे घेऊन गेली, तर सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, आपलेच दात, आपलेच ओठ, कुठे बोलू नकोस. आणि थोरले तर सगळीकडे सांगून मोकळे झाले होते, की घाईत चुकीची केबल लावली त्यानं. ज्याने आयुष्यात एक स्क्रू वाकडा पिळला नाही, तो गावभर धांदरट ठरला. नवरा गेल्याचं दुःख ती रडून घेत होती. हे मात्र रडून जाण्यासारखं नव्हतं.

तळघरात ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. औषधांच्या थंड खोल्या भिंतीपलीकडे घुमत होत्या. त्यांचं तापमान बघणारा कॉम्प्युटर टेबलावर एकटा उजेड टाकत बसला होता. धाकटीने नवं यूपीएस जागेवर ठेवलं, कॉम्प्युटर आणि जिन्यावरचा दिवा त्यावर घेतला. मग दुकानाच्या ड्रॉवरात सापडलेली ती खरी केबल पिशवीतून काढली. हीच लावायची, हे तिने कधीच ठरवून ठेवलं होतं. एक टोक तिने कॉम्प्युटरला जोडून स्क्रू आवळले. दुसरं टोक हातात धरून ती यूपीएसमागे वाकणार, तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. वीज गेली, बॅटरीवर चालू आहे.

वीज गेली नव्हती. यूपीएसवरचा हिरवा दिवा जळत होता. आणि केबलचं टोक तर तिच्या हातात होतं. निरोप येणार कुठून?

थंड खोल्यांचा आवाज थांबल्यासारखा वाटला. पुठ्ठ्याच्या वासात दुसरा एक वास मिसळला, कथिल वितळवतानाच्या धुराचा. तो वास रोज संध्याकाळी तिच्या घरात यायचा, धाकट्याच्या शर्टाच्या बाह्यांना लागून. तिच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी संतापच आला.

"आता येतोस होय..." ती पुटपुटली. "इतके दिवस मी एकटी भांडतेय."

पडदा तसाच राहिला. वर मात्र दार वाजलं. थोरले आले होते. जिन्याच्या बोळातून शब्द न् शब्द खाली येत होता. मॅनेजरने काहीतरी विचारलं, आणि थोरले हसले. म्हणाले, "काळजी करू नका साहेब. आमचा धाकटा जरा धांदरटच होता. या वेळी मी स्वतः बघतो."

धाकटीच्या हातातलं केबलचं टोक तळव्यात रुतलं. थोरल्यांची पावलं जिना उतरू लागली. पडद्यावर दुसरी ओळ आली. बॅटरी संपत आली, काम आवरा.

तिला कळलं. अंधार होणार होता, आणि अंधार व्हायच्या आधी कोणीतरी तिला सांगत होतं. थोरले वळणापाशी पोचतच होते. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आला. तिने दात आवळले आणि गिळून टाकला.

दिवा गेला.

सुतळी तुटल्याचा आवाज झाला. जाळीचं दार करकरत उघडलं. पाऊल घसरलं... आणि मग काहीच नाही. पडल्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, पण तो कसा असेल हे तिने रात्र-रात्र मनात ऐकलं होतं. तो आला नाही. थोड्या वेळाने पावलं पुन्हा वाजू लागली, सावकाश, एकेक पायरी. तिच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली.

"बरं झालं वर येऊन हात दिलास," थोरले धापा टाकत म्हणाले. "पाय खड्ड्यातच होता माझा."

धाकटी जागची हललीही नव्हती. हात कोणाचा ते तिला कळलं, आणि पुन्हा रागच वर आला. हात द्यायला आला तोही भावाला. ज्याने नाव घालवलं त्याला. बायको इथे बसलीय, तिच्याकडे बोटही नाही.

"सोड आता," थोरले म्हणाले. "आलो ना खाली." थोडं थांबून म्हणाले, "अगं, सोड... दुखतंय."

"भाऊजी, मी टेबलापाशी आहे." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझे दोन्ही हात माझ्याजवळ आहेत. ज्यानं धरलाय ना, त्याला सांगा. केबल कोणती दिली होती?"

अंधारात थोरल्यांनी हात हिसकून बघितला.

"तीच..." थोरले घोगऱ्या आवाजात म्हणाले. सवयच ती. "तीच दिली होती..."

आणि पावलं वळली. पुन्हा जिन्याकडे निघाली, जायचं नसलेली, फरफटत जाणारी पावलं. एक पायरी वाजली, मग दुसरी. धाकटीने डोळे मिटून घेतले. वळण जवळ येत होतं. अखेर थोरल्यांच्या तोंडून असा आवाज फुटला, की वर मॅनेजरच्या हातातला पेला खळकन खाली पडला. केबल साधी होती, मीच दिली, मीच लाव म्हणालो, त्यानं विचारलं होतं, त्याची काही चूक नव्हती.

दिवा लागला. मॅनेजर धावत आला तेव्हा थोरले वळणावर, उघड्या दाराच्या काठावर उभे होते. चेहरा पांढराफटक. उजवा हात पुढे ताठ, आणि बोटं एकमेकांवर दाबलेली, कोणीतरी मुठीत आवळून धरल्यासारखी. मॅनेजरने तो हात खाली करायला बघितलं. होईना.

धाकटी खालून बघत होती. "ओढू नका," ती म्हणाली. "तो सोडेल तेव्हा सोडेल."

मॅनेजर थोरल्यांना वर घेऊन गेला. जिना अरुंद होता. तरी थोरले भिंतीला चिकटून, तिरके होऊन चढत होते, शेजारी आणखी एका माणसाला जागा ठेवून.