कुंपणालगतची वाळू

रेश्माचं पत्र आलं आणि मी उत्तर दिलं नाही. एवढंच होतं त्यात — ‘सर, भाऊ म्हणतोय, आता कायमची माहेरी, नातेपुत्यातच राहा. त्याला काय सांगू?’ फोनवर मला धड बोलता येत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून पत्र.

ओळख झाली ती जुळे सोलापुरात, माझ्याच फाटकात. गॅसची लाइन टाकायला गल्लीत ड्रिलिंगचं मशीन आलं होतं. आभाळ दिवसभर नुसतं भरून होतं. मी पुस्तकाआडून खिडकीबाहेर बघत होतो... आणि पिवळं हेल्मेट घातलेली सुपरवायझर बाई घरोघर विचारत माझ्यापर्यंत आली.

“हितं खाली काय गाडलंय, आठवतंय का सर?”

माझा जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेलेला, एकट्याचा. बोलायची सवय कमीच. “मॅडम, माझं चुकत असेल... पण विजेची केबल बहुतेक या कुंपणालगत पुरली होती.”

मशीनवाला जोतीराम हसला. “नकाशात केबल पलीकडं हाय, ताई. आजोबांचं काय ऐकताय?”

“बहुतेक म्हणालात?” तिनं मलाच विचारलं.

“हो... म्हणजे, खात्री नाही.”

“जोतीराम, मशीन बंद. आधी हातानं खड्डा घ्या.”

काळी माती हळूहळू निघाली. मग विटा. विटांखाली स्वच्छ वाळू.

“बास! वर या सगळे.” ती माझ्याकडे वळली. “वाळू लागली की थांबायचं, सर. काळ्या मातीत वाळू आपोआप येत न्हाय. खाली कुणीतरी काहीतरी जपून ठेवलेलं असतं.”

वीजवाल्यांनी येऊन तपासलं. केबल तिथेच होती, चालू. जोतीरामनं नकाशाची घडी करून खिशात टाकली.

मी चहा दिला. “घ्या, मॅडम.”

“मॅडम चिखलात उभ्या राहत्यात व्हय?”

“मग... रेश्माताई?”

“ताई तर मुळीच नको,” ती कपात बघत म्हणाली. माझी साठी उलटलेली, तरी कान तापले.

“माझं ऐकलंत कसं?” मी विचारलं.

“माझा नवरा असाच खड्ड्यात उतरला होता. वरून एकजण ठाम सांगत होता — खाली काही न्हाय म्हणून.” तिनं कप खाली ठेवला. “तवापासून ठाम माणसाची लई भीती वाटती. तुमी बरे.”

काम चाललं तोवर ती रोज फाटकाशी थांबायची. “आज कुठली गोष्ट?” मी वाचलेलं सांगायचो. “शेवट सांगू नका. त्याच्या आधीच मी जाणार हाय,” ती हसून म्हणायची. मला हसू यायचं नाही.

मग खड्डा बुजला, वर डांबराचा काळा चौकोन उरला, ती गेली. आणि पत्र आलं.

काय लिहिणार होतो? घराला जुन्या कागदांचा वास, माणूस त्याहून जुना. ‘या’ म्हणायचं तर ठाम म्हणावं लागणार — आणि ठाम माणसाची तर तिला भीती. कागद घेतले, फाडले. आणखी एक पावसाळा तसाच आला.

आज सकाळी पाण्याच्या लाइनसाठी दुसऱ्याच ठेकेदाराचा जेसीबी आला. कुणी काही विचारलं नाही. बकेट कुंपणालगत उतरायला लागलं तसा मी अनवाणीच बाहेर धावलो.

“थांबा!”

आवाज माझाच होता. “खाली केबल आहे. चालू.”

“नक्की का, काका?”

बकेटशेजारी, अर्धवट खणलेल्या खड्ड्यात दोन माणसं उभी होती. “नक्की,” मी म्हणालो.

बकेट वर गेलं. माणसं बाहेर आली. त्यातला एकजण म्हणाला, “बसा काका, पाणी आणू का?”

मी बसलो नाही. आत गेलो आणि लिहिलं —

‘रेश्मा, बहुतेक मला उशीर झाला असेल. पण या.’

पुन्हा वाचलं. ‘बहुतेक’ एकदाच होतं, जिथे हवं तिथे. नाक्यावरच्या टपालपेटीशी पावसात पाकीट भिजू नये म्हणून सदऱ्याखाली धरून उभा राहिलो थोडा वेळ... मग सोडलं.