तिसरी बॅटरी

हायुयाच्या घाटात एक वळण असं आहे की तिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं. त्या दुपारी दोघांपैकी कुणालाच मागे जायचं नव्हतं. पाऊस धो धो कोसळत होता, डोंगरातली वीज पुन्हा गेली होती, आणि नेरेइदाचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. आईचं ऑक्सिजनचं मशीन सोलरच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्या बॅटऱ्या अलीकडे भर रात्री मान टाकायच्या. मग मशीन कोकलायचं आणि ती अंधारात धडपडत सिलिंडर जोडायची.

ती भिजत समोरच्या पिकअपच्या खिडकीशी गेली. गेली होती भांडायलाच. पण गाडीवरची शिडी आणि पॅनल दिसले, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"बॅटऱ्या बघता का हो तुम्ही?"

त्या माणसाने स्टिअरिंगवरचं डोकं उचलून तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल, दाढी वाढलेली... पण नजर मऊ. "बघतो. आज नाही पण. आज मी झोपायला चाललोय."

"मी पण," नेरेइदा म्हणाली. "दोन वर्षं झाली निघून, अजून पोचले नाही."

तो हसला. गाडी मागे घेतली, आणि मुकाट्याने तिच्या मागोमाग घरापर्यंत आला.

त्याचं नाव एफ्राइन. अर्ध्या डोंगराची सोलर त्याने बसवलेली, त्यामुळे वीज गेली की अर्धा डोंगर त्याच्याच नावाने ओरडायचा. मागच्या पडवीत चार बॅटऱ्या एकीला एक जोडून ठेवल्या होत्या. त्याने मीटर लावून प्रत्येकीचा व्होल्टेज पाहिला. तिघी ठीक होत्या, खिडकीखालची तिसरी मात्र पार खाली. एक बसली की बाकीच्यांनाही घेऊन बसते, तो म्हणाला. त्याने तिला वेगळं चार्ज केलं, गंज खरवडला, नट आवळले. नेरेइदाने कॉफी दिली. आठवडा बरा गेला, आणि तिसरी पुन्हा बसली.

मग तो येतच राहिला. दर वेळी तीच तिसरी, आणि दर वेळी कॉफी. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. कधी तो तिच्यासाठी पाव आणायचा, कधी ती त्याच्या कॉलरला चिकटलेलं कोळिष्टक काढायची... आणि हात जरा जास्तच रेंगाळायचा. प्रेमात पडायला जे त्राण लागतं ते दोघांकडेही नव्हतं. तरी पडले बापडे.

पण समुद्रापलीकडच्या सपाट ऑर्लँडोहून भाऊ नोएल सारखा फोन करत होता. पुन्हा मशीन बंद पडलं तर आई इकडे येणार, तूही ये, घराला कुलूप लाव. मशीन बंद पडलं, आणि त्याने रविवारची तिकिटं काढली. आईने, जिला सगळा डोंगर मानाने दोन्या आविल्दा म्हणायचा, सांगून टाकलं की तिला सपाट जमिनीवर मरायचं नाही. नेरेइदाला मात्र मोह पडत होता. ऑर्लँडोला वहिनी होती, रात्री उठायला दुसरं कुणीतरी असणार होतं. बॅटरी सुधारावी की एकदाची मरावी, हे तिचं तिलाच कळेना.

शनिवारी एफ्राइन शेवटचं बघायला आला. बॅटऱ्यांना विश्रांती दिल्याशिवाय खरा आकडा कळत नाही, असं म्हणून त्याने सगळी यंत्रणा बंद केली. आईला सिलिंडर लावला. दोघं पुढच्या ओसरीवर नुसतीच बसून राहिली. ढगांनी भरदुपारी अंधारून आलं होतं.

"काम नसताना मी असा कुणाजवळ बसलेलोच नाही," तो म्हणाला.

"मग कसं वाटतंय?"

"विचारू नकोस... झोप येतेय, आणि उठावंसं वाटत नाही."

ती हसत आत वळली आणि थबकली. घरात विजेचा थेंब नाही, आणि आईच्या खोलीत दिवा!

मेरीमातेच्या तसबिरीपुढे एक इवला बल्ब जळत होता. त्याची वायर खिडकीतून पडवीत, थेट तिसऱ्या बॅटरीला दोन चिमट्यांनी लावलेली. मागे मोठ्या वादळात डोंगराची वीज गेली आणि कित्येक महिने काळोखात काढले, तेव्हाच आईने मातेला शब्द दिला होता की तिच्यापुढे पुन्हा अंधार होऊ देणार नाही. एफ्राइन रागावेल म्हणून तो आला की ती वायर काढून ठेवायची. आज मात्र मातेला अंधारात ठेवणं तिच्याने झालं नाही.

"घरच्या विजेला मी हात लावला नाही," आई घुश्शात म्हणाली. "एकीकडूनच घेतलं. बाकीच्या तिघींना काही त्रास?"

एफ्राइन पलंगाशी बसला. "दोन्या आविल्दा, घर चौघी मिळून ओढतात. हिला तुम्ही घरही ओढायला लावलंत आणि वर दिवाही. थकणार नाही तर काय?"

नेरेइदाला एकदम रडू फुटलं. बॅटरीसाठी कुणी रडतं का? पण थांबेचना. आईने बॅटरीकडे नाही, लेकीकडे पाहिलं, आणि स्वतःच बल्ब विझवला.

तो नेरेइदाला ओसरीवर घेऊन आला. चौघींकडून सारखं घेणारी डबी लावली की दिवाही जळेल, बॅटरीही तगेल, असं त्याने सांगितलं. मग जरा घुटमळला.

"जायचं असेल तर जा, नेरेइदा. बॅटरी बरी झाली म्हणून राहू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. पण... राहिलीस तर एक रात्र मशीनपाशी तू जाग, एक रात्र मी."

"आधी लग्न, मग मशीन," आतून आई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. नोएल विमानाची वेळ सांगायला लागला.

"आम्ही येत नाही," नेरेइदा म्हणाली.

"कुणाच्या भरवशावर राहताय? त्या बॅटऱ्यांच्या?"

"नाही. एफ्राइनच्या."

"एफ्राइन कोण?"

तिने डोळे पुसले, समोर उभ्या, कानापर्यंत लाल झालेल्या त्या दमलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "थांब, त्यालाच विचारून सांगते."