लाल दिव्यावरची टिकली

"अहो, एक टिकली मिळेल?"

गुजरातेतल्या उभराटच्या समुद्रावर, भर वाळूत, अनोळखी माणूस असं विचारतो का हो कधी? मी वळून बघितलं. खांद्यावर हा भलामोठा व्हिडिओ कॅमेरा! धुळ्याच्या सहलवाल्याने सगळ्या कुटुंबांचं शूटिंग करायला त्याला आमच्याच बसमधून आणलं होतं. नाव अभिमन.

"शूटिंगचा हा लाल दिवा लागला की सगळे हेडमास्तरांपुढे उभे राहिल्यासारखे ताठ होतात," तो कुरकुरला. "दिवा झाकून टाकतो."

"टिकली... कॅमेऱ्याला?"

"तुमच्याइतकी नाही शोभणार, पण..."

आगाऊच होता! तरी कपाळावरची काळी टिकली मी काढून दिली. बोटांना बोटं लागली... आणि मेलं काळीज धडधडायलाच लागलं.

मग काय! दिवा दिसेना, तसे सगळे मोकळे झाले. घरी वहिनीकडे मान वर करून न बघणारा माझा भाऊ लाटांत तिचा हात घट्ट धरून उभा. त्यांचा पिंट्या लाटेलाच दटावतोय, "जा तिकडे!" अभिमन लांबून सगळं टिपत होता.

"मला नका हं घेऊ," मी म्हटलं.

"तुम्हाला कोण घेतंय?" म्हणाला, आणि कॅमेरा माझ्याकडेच!

परतताना बसमध्ये दोनदा माझ्या सीटपाशी आला. दोन्ही वेळा "पाणी आहे?" एवढंच विचारून गेला. अस्सा राग आला मला!

कारण पुढच्या रविवारी जळगावचे पाहुणे मला बघायला येणार होते. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, होकार जवळजवळ ठरलेला. आणि मी? भाजीत दोनदा मीठ, प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला खिडकीत. तो कॅसेट घेऊन येईल... आणि नुसती कॅसेटच देऊन जाईल?

शनिवारी संध्याकाळी आला एकदाचा. व्हीसीआर त्यानेच जोडला. धुळ्याच्या देवपुरातली आमची अर्धी गल्ली टीव्हीपुढे. भावाने धरलेला हात दिसला, हशा पिकला, वहिनी लाजून आत पळाली. मग पडद्यावर एकदम नुसती वाळू आणि त्याच्याच चपला... कॅमेरा बंद करायचा राहिला होता! दिव्यावर टिकली, मग चालू की बंद हे त्याला तरी कुठून कळणार? घाईत कॅसेट तपासलीही नव्हती बेट्याने. आणि त्याचा स्वतःशीच पुटपुटल्याचा आवाज आला –

"आत्तेच इचार ना रे अभिमन! रत्ना तुले आवडस ना? मंग? धुयाले गया का तुनी हिंमत व्हवाव नही!"

रत्ना म्हणजे मीच, आणि धुळ्याला गेल्यावर हिंमत होणार नाही म्हणे! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अभिमनचे कान लालबुंद.

नाना शांतपणे म्हणाले, "मंग, व्हयनी का हिंमत?"

"नाना, मी... म्हणजे..." संपलं! अभिमन उगाच व्हीसीआरची वायर चाचपू लागला.

याची वाट बघत बसले तर उद्या पोहे घेऊन दुसऱ्याच्याच पुढे जावं लागेल! शेवटी मीच बोलले, "नाना, जळगावला फोन करा. उद्या येऊ नका म्हणावं. मलाही हाच आवडतो."

नानांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि खाटेवर सरकून त्याला जागा करून दिली. "बस. गाव कोनतं रे भो तुनं?"

निघताना दारात तो हळूच म्हणाला, "ती टिकली... परत आणून देऊ?"

"राहू द्या तिथेच," मी म्हटलं. "ती नसती तर तुम्ही बोलला असतात होय?"