अकरा शनिवार

"हातात नाणं धरून मधमाश्यांच्या पुस्तकात काय शोधताय?" मी विचारलं आणि तो असा दचकला की पुस्तक थेट माझ्या पायावर पडलं.

ती आमची पहिली भेट. वाचनालयाचा वरचा मजला माझ्याकडे. कथा-कादंबऱ्या खाली, वर बागकाम, घड्याळदुरुस्ती, पक्षी आणि कोपऱ्यात नाण्यांच्या पुस्तकांचं एक कपाट, ज्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

तो चष्मे बनवायचा, म्हणून मनातल्या मनात मी त्याला चष्मेवालाच म्हणायचे. त्याच्या बाबांनी जन्मभर नाणी जमवली होती. सगळी कुठली ते कळलं होतं, या एकाचं सोडून. एका बाजूला चोचीत काडी धरलेला पक्षी, दुसरी बाजू झिजून सपाट.

"हे कुठलं, बाबांना एवढं एकच कळायला हवंय," तो म्हणाला.

"मग शोधू की. दर शनिवारी या."

"दर शनिवारी?" तो हसला. "पुस्तकं फार आहेत, की तुम्हाला इथे करमत नाही?"

माझे कान तापले. मेला, पहिल्याच दिवशी!

तो येऊ लागला. एकाच पुस्तकावर दोघं वाकायचो. मी भिंगातून नाणं बघायचे आणि तो... तो भलतीकडेच बघायचा.

"तुमचा नंबर वाढलाय वाटतं. इतक्या जवळ सरकताय."

"नाणं बघतेय मी."

"हो का? मला वाटलं—" पुढचं तो कधी बोलायचाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात, तो नसताना, मला ते सापडलं. पक्षी, काडी, सगळं तेच. एका बेटावर दोनच वर्षं पाडलेलं नाणं. आनंदाने मी किंचाळणारच होते, तेवढ्यात मनात आलं, आता तो कशाला येईल? पुस्तक मी टेबलाच्या खणात टाकलं आणि कुलूप लावलं. एकच शनिवार, फक्त एकच, असं म्हणता म्हणता अकरा झाले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

मग दोन शनिवार तो आलाच नाही. आला तेव्हा दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"बाबा गेले," तो म्हणाला. "वर्षभर आजारीच होते. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, उगाच जिवाचं रान केलं असतंत. शेवटी रोज विचारायचे, लागला का पत्ता?"

मी खण उघडला. पुस्तक काढून ते पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने कितीतरी वेळ वाचलं.

"आज सापडलं?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते.

"नाही... तिसऱ्याच आठवड्यात. तुम्ही यायचं थांबाल म्हणून— तुम्ही मला आवडता. फार आवडता."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पत्ता लागला की तुम्हाला घरी न्यायचं ठरवलं होतं मी," तो हळूच म्हणाला. "बाबांना कबूल केलं होतं, नाण्याबरोबरच सून दाखवतो म्हणून. त्यासाठीच विचारायचे ते रोज."

पुस्तक अलगद मिटून त्याने माझ्याकडे सरकवलं आणि तो जिना उतरू लागला. हाक मारावीशी फार वाटली... पण कुठल्या तोंडाने मारणार होते?